दारात न मावणारी चांदणी

घरात बसून दारापेक्षा मोठी वस्तू बनवू नये, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजलं. मी शाळेत गणित शिकवतो, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

आणखी एक. या सदरात लोक जे लिहितात — पिंपळाखालची बाई, रिकाम्या झोपाळ्याची करकर वगैरे — ते मी वाचतो आणि पान उलटून शब्दकोड्याकडे वळतो. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. चमत्कार आम्हाला नवे नाहीत, पण आमचे चमत्कार फार पूर्वी आणि फार लांबच्या देशात होऊन गेलेले. त्यांच्यावर विश्वास ठेवायला काही तोशीस पडत नाही. कर्जत तालुक्यात, राहत्या घरात, स्वतःच्या हातानं बांधलेल्या वस्तूच्या बाबतीत काही झालं, की मात्र माणूस अडचणीत येतो. बहात्तर सालच्या नाताळापासून मी त्या अडचणीत आहे.

बहात्तर साल म्हटलं की दुष्काळ वेगळा सांगायला नको. आमच्या गावात विहिरींचा तळ दिसत होता, जनावरं छावणीला गेली होती आणि रेशनवर ती लाल परदेशी ज्वारी मिळत होती, जिची भाकरी थापताना फाटते आणि खाताना फाटत नाही. मुलं नगरला बोर्डिंगात होती. इकडे पाण्याचे हाल, म्हणून सुट्टीतही त्यांना तिकडेच ठेवलं होतं. घरात आम्ही दोघं आणि हिचे वडील, याकोबतात्या.

तात्या श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातले सुतार. आयुष्यभर त्यांच्या गावच्या चर्चवर नाताळची चांदणी त्यांनीच बांधली. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत कंदील. आसपासच्या वस्त्यांवरचे लोक ती चांदणी बघून उपासनेला चालत यायचे. पण त्या वर्षी त्यांचं गाव रिकामं झालं. कोणी मुंबईला, कोणी श्रीरामपूरकडे साखर कारखान्यावर, कोणी कुठं ते कळलंच नाही. चर्चला कुलूप लागलं. दिवाळीच्या सुमारास ही जाऊन वडिलांना घेऊन आली. ते आले, भिंतीकडे तोंड करून खाटेवर निजले, ते निजलेच.

पेज दिली तर दोन घोट घ्यायचे. विचारलं तर "हूं". लेकीच्या घरी पडून खायचं, याचंही त्यांना जड जात असावं. कर्जतहून डॉक्टर आणला. त्यानं छाती तपासली, जीभ बघितली आणि मला अंगणात नेऊन सांगितलं, "आजार काही सापडत नाही. जगायची इच्छा सापडत नाही. असंच चाललं तर नवं वर्ष दिसेल असं वाटत नाही मला."

ही दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आपण चांदणी बांधू या. तुम्ही बांधा."

"मी? मला तर पतंगसुद्धा—"

"म्हणूनच. तुम्ही चुकीची बांधणार. बाबांना ते बघवणार नाही. रागानं तरी उठतील. या कामाला तुमच्याइतका लायक माणूस तालुक्यात नाही."

नवऱ्याबद्दल इतक्या विश्वासानं ती पूर्वी कधी बोलली नव्हती. मी लगेच कामाला लागलो.

बाहेर वारं सुटलं होतं, धुळीनं डोळे उघडवत नव्हते, म्हणून मी खोलीतच बसलो. आमचं घर म्हणजे मिशनच्या जुन्या शाळेची एक मोठी दगडी खोली. जाड भिंती, वर पत्रा, खिडकीला लोखंडी गज आणि एकच दार. ते इतकं बुटकं आणि अरुंद की आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस आपोआप मान लववून येतो. कामट्या शेजारच्या धोंडिबानं दिल्या. धोंडिबा शेतकरी, पण त्या वर्षी शेतात करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे बघत बसणं हा त्याचा उद्योग झाला होता. खळ लाल ज्वारीच्या पिठाची केली. ती मात्र फर्मास चिकटली. पोटात गेल्यावर ती काय करत असेल, ते त्या दिवशी कळलं.

चांदणीला मी पोट ठेवलं. म्हणजे पुढची चौकट, मागची चौकट आणि मध्ये आडव्या कामट्या देऊन भरपूर फुगवटा, म्हणजे आत कंदील ऐसपैस राहील. धोंडिबा म्हणाला, "मास्तर, गाभन वाटतीय." मी लक्ष दिलं नाही. कारण दुसऱ्या संध्याकाळी तात्यांनी कूस बदलली होती. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे झालं होतं. मी गाठी मारत होतो आणि ते टक लावून बघत होते. हिनं मला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "चालू ठेवा. आणखी वाईट करा."

चांदणी पुरी झाली तेव्हा ती मला खरोखरच सुंदर वाटली. लाल-पिवळी, पाच टोकांची, माझ्याहून उंच.

"झाली?" तात्यांनी विचारलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून अख्खा शब्द आला होता.

"झाली, तात्या."

"बरी झाली. आता भाईर काढा."

मी ती उचलली, ऐटीत दाराशी गेलो आणि तिथंच थांबलो. टोकं एक वेळ वळवून निघाली असती, पण पोट... पोट चौकटीहून चांगलं वीतभर जास्त होतं.

मी चांदणी खाली ठेवली.

"तात्या," मी म्हणालो, "तुम्हाला हे दिसत होतं ना?"

"पयल्या दिशीच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी गनिताचं मास्तर. म्हन्लं, काय तरी हिशेब आसंल. आन् जावयाच्या कामात सासऱ्यानं तोंड घालू न्हाई."

मग धोंडिबा आला. आम्ही ती उभी घातली, आडवी घातली, तिरकी घातली.

"तिचं डोकं आदी घाला," धोंडिबा म्हणाला.

"अरे, तिला पाच डोकी आहेत. कुठलं घालू?"

"शानं आसंल ते."

शहाणं एकही निघालं नाही. धोंडिबाचं मत पडलं की भिंतच पाडावी. पण भिंत मिशनची, तेव्हा पाळकसाहेबांना विचारणं आलं. ते सायकलवरून आले, टोपी काढली, चांदणीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्तच बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "प्रभूला जन्माच्या रात्री उतारशाळेत आत जायला जागा मिळाली नाही. तुमच्याकडे बाहेर जायला नाही. दोन हजार वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची." आणि सायकलवर बसून गेले.

हिनं विळा आणून माझ्या हातात दिला. पोट कापायचं, बाहेर न्यायचं आणि पुन्हा जोडायचं. मी विळा लावणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"थांबा. बांधल्याली चांदनी नाताळाआदी मोडत न्हाईत. आमच्यात न्हाई मोडत."

"मग राहू दे घरातच," मी म्हणालो. "तुम्हाला तरी दिसेल."

"मला दावून काय करता? मी हायेच घरात. चांदनी येनाऱ्यासाठी आस्ती." ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन् येनार तरी कोन हाय म्हना." आणि परत भिंतीकडे वळले.

ही चुलीपाशी जाऊन बसली. माझ्या चांदणीनं चार दिवस तात्यांना भिंतीपासून सोडवलं होतं आणि माझ्याच चांदणीनं परत तिकडे ढकललं. त्या संध्याकाळी त्यांनी पेजेलासुद्धा हात लावला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला उपासना होती. चर्च आमच्या घराच्या पाठीमागेच आहे, पुढे एक मोठा लिंब. आम्ही निघालो तेव्हा तात्या तसेच पडलेले, चांदणी खोलीच्या मधोमध उभी, कंदील त्यांच्या उशाशी. मी बाहेरून कुलूप लावलं. आजारी माणसाला कुलपात ठेवणं बरं नव्हे, पण खळीच्या वासानं गावातली उरलीसुरली शेरडं दाराशी धडका देत होती. माणसांना न आवडलेली ती ज्वारी शेरडांना फार पसंत पडली होती. किल्ली मी कोटाच्या खिशात ठेवली. हे लक्षात ठेवा.

चर्चमध्ये माणसं थोडीच. जी होती ती लिंबाच्या पाल्यासारखी सुकलेली. धोंडिबाही आला होता. नाताळच्या गाण्यांना तो दरवर्षी येतो, दारापाशी बसतो आणि आमच्यापेक्षा बऱ्या आवाजात गातो. धूळ येत होती म्हणून दार लावून घेतलेलं. ख्रिस्तजन्माचा शास्त्रपाठ दरवर्षी मी वाचतो, तसा वाचला. पाळकसाहेबांनी लांबण लावली नाही. ते म्हणाले, "आशा म्हणजे उद्या पाऊस येईल असं एकमेकांना सांगणं नव्हे. घरात खायला नसताना बियाण्याच्या गाडग्याला हात न लावणं, ती आशा. देवानं त्या रात्री आपलं बियाणं आपल्यात पेरलं." मी हिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती.

शेवटचं गाणं चाललं होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. मला वाटलं शेरडं. दार उघडलं तर पायऱ्यांवर ही गर्दी. डोक्याला फडकी बांधलेली, पांढऱ्या धुळीनं माखलेली माणसं. बाया, म्हातारे, कडेवर पोरं.

पुढची बाई म्हणाली, "नाताळ हितंच हाय न्हवं? चांदनी दिसली म्हून आलो."

"कुठली चांदणी?" मी म्हणालो.

"ती काय," ती म्हणाली आणि मी आंधळा असावा अशा काळजीनं माझा हात धरून मला बाहेर काढलं.

लिंबाच्या पार वरच्या फांदीला माझी चांदणी टांगलेली होती. लाल-पिवळी. पोटात कंदील लागलेला. एवढं वारं सुटलेलं, पण ती संथपणे झुलत होती, घाई नसल्यासारखी.

मागून सगळी मंडळी बाहेर आली. धोंडिबा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, आपलीच हाय. प्वाट बगा."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — मी नाही. त्यांना ते पटायला वेळ लागला नाही. चांदणी झाडावर चढवणं मला झेपलं असतं असं कोणालाच वाटत नव्हतं.

त्या बाईचं नाव सगुणा. ही माणसं कोसभरावर पाझर तलावाच्या कामाला होती. "आमच्या गावाला याकोबतात्या म्हून म्हातारा हुता," ती वर बघत म्हणाली. "त्यो बांधायचा चांदनी. पर त्याच्या चांदनीला आसलं प्वाट नसायचं."

हिनं तिचा दंडच पकडला. "कुठल्या गावच्या तुम्ही?"

सगुणाबाईनं गावाचं नाव सांगितलं. आमची ही मग कोणासाठी थांबली नाही. पदर खोचून घराकडे पळत सुटली, मागून मी, मागून अख्खा तलाव.

दाराला कुलूप होतं. मी खिशातून किल्ली काढली. ती हिनं हिसकावून घेतली आणि कुलूप उघडलं. आत चुलीजवळची चिमणी मिणमिणत होती. चांदणी नव्हती. कंदील नव्हता. खुंटीवरचा पोहऱ्याचा दोर नव्हता. आणि तात्या खाटेवर पाय खाली सोडून बसले होते.

"तात्या, चांदणी?"

"न्हेली की."

"कोणी?"

"आल्ते दोगं-तिगं. म्हन्ले, न्यायची का. म्हन्लं न्या, पर पोट संबाळा."

"कोण होते ते?"

"नाव न्हाई इचारलं. आल्या आल्या पाव्हन्याला नाव इचारीत न्हाईत."

"दारातून नेली?"

"मंग? धुराड्यातनं न्यायला ती काय धूर हाय?"

"पण तात्या, दाराला कुलूप होतं."

"ते तुमचं तुमी बगा. कुलूप तुमी लावल्यालं."

एवढ्यात सगुणाबाई मान लववून आत आली. तिच्यामागून एकेक जण. तात्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सगुने?"

"व्हय, तात्या."

"कुटं हुता गं तुमी समदी?"

"हितंच की. तळ्यावर खडी फोडतोय. तुमी कुटं हुता?"

"मीबी हितंच," तात्या म्हणाले. "म्या समजलो, समदी गेली." आणि मग त्यांनी मान खाली घातली. कोणीतरी म्हातारा येऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिला. खाट करकरली. एरवी मी माणसं मोजली असती, खाटेची काळजी केली असती. त्या वेळी सुचलं नाही.

मग तात्यांनी तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाले, "नाताळ हाय ना? करंज्या कुटं हायेत?"

करंज्या होत्या. लाल ज्वारीचं पीठ आणि गूळ. तशा करंज्या कोणी कधी करू नयेत आणि केल्याच तर दात असलेल्या माणसांना द्याव्यात. तात्यांनी एक घेतली, दाढेखाली धरली, बराच वेळ झगडले.

"ह्याच्यापरीस खडी मऊ आसंल," ते म्हणाले आणि दुसरी उचलली.

ही तोंडावर पदर धरून हसत होती. की रडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला अजून ते ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी तपास केला. गणिताच्या माणसाला दुसरं काय येतं? कोणी चांदणी सोडून बाहेर पुन्हा बांधली असेल, अशी पहिली शंका. धोंडिबा झाडावर चढून ती घेऊन आला. गाठी माझ्याच होत्या. तशा गाठी दुसऱ्या कोणाला मारता येणार नाहीत, त्याला वेगळीच बुद्धी लागते. कागद कुठे फाटलेला नाही, खळीचा जोड सुटलेला नाही. पत्रा उचकटला असेल? पत्र्यावरचे दगड जागच्या जागी, त्यांच्यावर धुळीचा थर तसाच. खिडकीचे गज घट्ट. कुलूप जुनं आहे, ते कोणीही उघडलं असेल, मान्य. पण उघडून पुढे काय? पोट?

मग आम्ही ती परत घरात घालून बघितली. उभी, आडवी, तिरकी. सगळा गाव मदतीला. पोट चौकटीत अडलं ते अडलंच.

धोंडिबानं कपाळावरचा घाम पुसला. "आत जात न्हाई, म्हंजी भाईरबी आल्याली नसनार. म्हंजी ती आजून आतच हाय, मास्तर." आणि खरोखर आत डोकावून बघितलं.

गावातलं जे कोणी झाडावर चढू शकेल, ते त्या वेळी चर्चमध्ये आमच्यासोबत गात होतं. तळ्यावरची माणसं तर चांदणी लागलेली बघूनच निघालेली. राहिले तात्या, ज्यांना खाटेवरून उतरायला दोन माणसं लागत होती. मी पाळकसाहेबांना म्हणालो, यावर प्रवचन करा. ते म्हणाले, "मुळीच नाही. लोक प्रभूला सोडून दार बघायला येतील."

नवं वर्ष लागलं तेव्हा तात्या तळ्यावर होते, सगुणाबाईच्या पालात. कुदळींना दांडे बसवून देत होते. पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला तशी ती सगळी माणसं गावाला परतली आणि त्यांच्यासोबत तात्याही. गेल्या नाताळात त्यांच्या चर्चवर त्यांनी स्वतः चांदणी बांधली, सपाट पोटाची. मला निरोप होता — मास्तरला म्हनावं, अंगनात बसून बांधा.

मी अंगणातच बांधतो. तरीही ते दोघं-तिघं कोण आणि ती दारातून गेली कशी, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. शाळेतली टेप आणून मी ते दार उंचीत मोजलं, रुंदीत मोजलं, कर्णरेषेत मोजलं. उत्तर एकच येतं. गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपासनेला निघायच्या वेळी मी पुन्हा चौकटीला टेप लावून उभा होतो. ही करंज्यांचं ताट घेऊन माझ्यामागे आली आणि थांबली.

"एवढा थोरला देव एका गव्हाणीत मावला, हे तुम्ही दरवर्षी चर्चमध्ये उभं राहून वाचता," ती म्हणाली. "तेव्हा कधी टेप मागितली नाहीत ती? आता दारातून बाजूला व्हा. येणारे खोळंबतात."